मुन्नाभाईचे बापू आणि आपला गाल

हातातलं काम चालू राहू द्या. निंदण असो, कापूस वेचणं असो, नाहीतर चुलीवरचं वरण असो. कान मात्र थोडा वेळ इकडे द्या. आज एका सिनेमाबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी बहुतेकींनी तो टीव्हीवर पाहिलेला असेल. तो म्हणजे ‘लगे रहो मुन्नाभाई’.

तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या सिनेमाचं आज काय काढलं? तर झालं असं. एका गावात बचतगटाची बैठक आटोपल्यावर शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून आम्ही हा सिनेमा दाखवला. बाया पोट धरून हसल्या. मुन्ना आणि सर्किटचं बोलणं पोरांना तर पाठच होतं. एका दृश्यात मुन्नाला बंगल्याचा पहारेकरी थोबाडीत मारतो. मुन्ना बापूंची शिकवण आठवतो आणि दुसरा गाल पुढे करतो. पहारेकरी त्यावरही एक ठेवून देतो. मग मुन्ना त्याला असा ठोसा मारतो की तो आडवाच होतो. दुसऱ्या गालावर मारल्यानंतर काय करायचं, ते बापूंनी सांगितलेलं नाही, असं त्याचं म्हणणं! त्या दृश्याला सगळ्यात मोठा हशा पिकला.

सिनेमा संपला आणि चहा फिरत होता. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, थो मुन्ना एक गाल समोर करते, मंग दुसरा करते. आमच्या घरी त रोजच होते हे. मंग आमी बी गांधीच झालो का वो?”

आधी बाया हसल्या. मग हसू बंद झालं. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. “पुढच्या खेपेला सांगते,” म्हटलं आणि घरी आले. आजचं बोलणं त्या काकूंच्या प्रश्नासाठी आहे. सिनेमातलं खरं किती आणि कल्पना किती, हे पाखडून घेतल्याशिवाय त्यांना उत्तर देता येणार नाही.

गोष्ट काय आहे

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मुन्ना हा मुंबईचा गुंड. लोकांना धमकावून घरं रिकामी करून देणं हा त्याचा धंदा. रेडिओवर रोज सकाळी बोलणाऱ्या जान्हवीच्या आवाजाच्या तो प्रेमात पडतो. २ ऑक्टोबरला रेडिओवर गांधीजींवर प्रश्नांची स्पर्धा असते. मुन्नाला गांधी म्हणजे नोटेवरचा फोटो आणि सुट्टीचा दिवस, एवढंच माहीत. तेव्हा त्याचा जोडीदार सर्किट प्राध्यापकांना उचलून आणतो, त्यांच्याकडून उत्तरं घेतो आणि मुन्ना स्पर्धा जिंकतो. जान्हवी भेटते, तेव्हा तो थाप मारतो की मी इतिहासाचा प्राध्यापक आहे.

जान्हवीच्या घरी तिचे आजोबा आणि त्यांचे म्हातारे मित्र राहतात. या म्हाताऱ्यांपुढे गांधीजींवर बोल, असं ती मुन्नाला सांगते. झाली पंचाईत! मुन्ना गांधीजींच्या नावाच्या वाचनालयात जाऊन बसतो आणि तीन दिवस, तीन रात्री पुस्तकं वाचतो. जेवण नाही, झोप नाही. आणि मग त्याला बापू दिसू लागतात. काठी टेकत येतात, गोड बोलतात, खरं बोलायला सांगतात. पुढे लकी सिंग नावाचा बिल्डर म्हाताऱ्यांचा बंगला बळकावतो. त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांना तो बंगला हवा असतो. मुन्ना त्याच्याशी मारामारी न करता त्याला फुलं पाठवतो. तुम्हाला आजार झाला आहे, लवकर बरे व्हा, असा निरोप त्यासोबत जातो. याला त्याने नाव दिलं गांधीगिरी. दादागिरीच्या जागी गांधीगिरी.

सिनेमा आणि आपला मुलूख

हा सिनेमा १ सप्टेंबर २००६ रोजी आला. तो करणारे राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. फाळणीत सिंध सोडून आलेल्या घरातला हा मुलगा. वडील नागपुरात टायपिंगची संस्था चालवायचे. नागपुरात नाटकं करत करत तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथे सिनेमाचं संकलन शिकला.

आणि बापूंचं काम कुणी केलं? दिलीप प्रभावळकरांनी. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, तेच हे. बापूंच्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या मराठी सिनेमातल्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २००६ मध्ये हा सिनेमा अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातही दाखवला गेला.

नागपूरच्या माणसाने गांधीजींवर सिनेमा करावा, यात नवल नाही. नागपूरपासून सेवाग्राम दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या लहानशा खेड्यात राहायला आले, आणि पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्यांची कुटी तुमच्यापैकी अनेकींनी सहलीत पाहिली असेल. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर. आपल्या आजीचं घर असावं तशी. म्हणजे मुन्नाला जे बापू वाचनालयात भेटले, ते आपल्या आजी-आजोबांना एसटीच्या अंतरावर भेटत होते.

पहिली कल्पना: दिसणारे बापू

आता पाखडायला घेऊ. पहिला प्रश्न असा की मुन्नाला दिसणारे बापू म्हणजे भूत आहे का?

‘झपाटलेला’ आठवा. तिथे गुंड मरतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो. बाहुला सगळ्यांसमोर बोलतो, चालतो, सुरा घेऊन मागे लागतो. त्या गोष्टीपुरतं ते भूत खरं आहे. आपण दोन तास ते मान्य करतो, हसतो, घाबरतो आणि घरी जातो.

‘लगे रहो’ तसा नाही. इथे बापू फक्त मुन्नाला दिसतात. सर्किटला दिसत नाहीत, पण भावाचं मन राखायला तो रिकाम्या जागेला नमस्कार करतो. पुढे एक मनाचे डॉक्टर भर सभेत मुन्नाची परीक्षा घेतात. तुझ्या बापूंना विचार, असं म्हणून ते गांधीजींच्या आयुष्यातले प्रश्न विचारतात. जे मुन्नाने वाचलेलं आहे, त्याची उत्तरं बापू फटाफट देतात. जे मुन्नाने वाचलेलंच नाही, तिथे बापूही गप्प होतात. म्हणजे बापू बाहेरून आलेले नाहीत. ते मुन्नाच्याच डोक्यातले आहेत. सिनेमा स्वतःच हे सांगून टाकतो. मुन्ना त्याला केमिकल लोचा म्हणतो.

ही गोष्ट आपल्या गावासाठी फार कामाची आहे. आपल्याकडे कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, नसलेलं माणूस दिसू लागलं, की आपण म्हणतो बाहेरचं लागलं. मग लिंबू, धागा, गंडा सुरू होतो. पैसा जातो, महिने जातात. झोप न मिळणं, उपाशी राहणं, मोठा धक्का बसणं, ताप डोक्यात जाणं, दारू एकदम सुटणं, मनाचा आजार होणं, अशा अनेक कारणांनी माणसाला भास होतात. मुन्नाचं सिनेमात हसण्यावारी गेलं, कारण त्याचे बापू चांगलं सांगत होते. खऱ्या आयुष्यात ऐकू येणारा आवाज जीव द्यायलाही सांगू शकतो. म्हणून घरात असं कुणी असेल तर त्याला हसू नका आणि मांत्रिकाकडेही नेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. नागपुरात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आणि १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बापू दिसले हा भास होता, पण बापूंनी सांगितलेलं खरं होतं. मुन्ना सर्किटला रागाने मारतो, मग बापूंच्या सांगण्यावरून त्याची माफी मागतो. जान्हवीला खरं सांगायचं तर ती सोडून जाईल, हे माहीत असूनही शेवटी तो आपली थाप कबूल करतो. ती सोडून जातेही. माफी मागायला आणि खरं बोलायला भास लागत नाही. ते आपल्याला झोप काढून, जेवूनखाऊनही करता येतं.

दुसरी कल्पना: झटपट सुधारणारी माणसं

मला विचाराल तर सिनेमातली मोठी कल्पना बापू ही नाहीच. मोठी कल्पना वेगळीच आहे, आणि ती आपल्या लक्षातही येत नाही. ती अशी, की या सिनेमात वाईट माणसं फार लवकर सुधारतात.

मुन्ना आणि जान्हवी रेडिओवर लोकांचे फोन घेतात. एका माणसाच्या दारापुढे शेजारी रोज पान थुंकतो. मुन्ना सांगतो, भांडू नका, तो थुंकला की हसत त्याच्यासमोर पुसून काढा. काही दिवसांत शेजारी शरमतो. एका निवृत्त शिक्षकाची पेन्शन अडकलेली असते, बाबू लाच मागतो. मुन्ना सांगतो, त्याला सगळंच देऊन टाका. ते म्हातारे गुरुजी भर कार्यालयात चष्मा, बूट, अंगावरचे कपडे एकेक करून काढून त्याच्या टेबलावर ठेवू लागतात. लोक बघत राहतात. बाबूला घाम फुटतो आणि कागदावर सही होते.

छान वाटतं ना बघायला? पण आपल्यापैकी कितीजणी पटवाऱ्याच्या, ग्रामसेवकाच्या, बँकेच्या दारात किती वर्षं हेलपाटे घालत आहेत? तिथला बाबू आपल्या फाटक्या चपलेकडे पाहून शरमला का? बाईमाणसाला अंगावरचं लुगडं काढून टेबलावर ठेवता येणार आहे का? नाही. मग या दृश्यातून काय घ्यायचं?

बारकाईने बघा. बाबू शरमला तो गुरुजींना बघून नाही. गुरुजी तर रोजच येत होते. तो शरमला, कारण त्या दिवशी सगळं कार्यालय बघत होतं. त्या दृश्यातलं खरं बी हे आहे. अन्याय चार भिंतींत दडलेला असतो तोवर माजतो. चार लोकांसमोर आला की त्याचा आवाज बसतो. म्हणून कार्यालयात एकटीने जाऊ नका. गटातल्या पाचजणी मिळून जा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. आपल्यासाठी गांधीगिरी म्हणजे हेच. फूल नेलं तरी चालेल, पण पोच आणायला विसरू नका.

सिनेमा संपल्यावर जे झालं

सिनेमा पाहून लोकांनी खरोखर फुलं वाटली. २००६ हे वर्ष आपल्या विदर्भाला विसरता येणार नाही. कापसाला भाव नव्हता, सावकाराचं कर्ज होतं, कास्तकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. दोन महिन्यांनी हा सिनेमा आला. मग विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांना फुलं देऊन निषेध केल्याच्या बातम्याही छापून आल्या. फुलांचे फोटो पेपरात आले. पण आत्महत्या थांबल्या नाहीत. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला हे मी सांगायची गरज नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जुलै २००७ मध्ये तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांचे कायम राहण्याच्या परवान्याचे अर्ज सरकारने अचानक घ्यायचे नाही असं ठरवलं. त्या लोकांनी सरकारी कार्यालयाच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्या प्रमुखाने ती फुलं जखमी सैनिकांच्या दवाखान्यात पाठवून दिली. आठवड्याभरात सरकारने निर्णय मागे घेतला आणि अर्ज घेतले. मग तिथे फुलं चालली आणि इथे नाही, असं का? कारण तिथे नुसती फुलं नव्हती. वकील कोर्टात जायच्या तयारीत होते, वर्तमानपत्रं मागे लागली होती, आणि मागणी एकच आणि नेमकी होती. फूल वर दिसत होतं, त्याच्याखाली देठ आणि मुळं होती.

आता आपल्या जवळचं सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’च्या वेळी तिथे मोठा उठाव झाला. त्यानंतर फौज आली आणि गावातल्या बायांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी उपाशी बसले. किती दिवस? ६३ दिवस. त्या वेळी गांधीजी स्वतः कैदेत होते. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. तरी एक माणूस दोन महिने उपाशी राहिला आणि देशाला चिमूरच्या बायांची आठवण देत राहिला. तडजोड झाली तेव्हाच उपवास सुटला. ही खरी गांधीगिरी. ती पडद्यावर दाखवायची तर ६३ दिवस कोण बघत बसेल?

त्याच चिमूरहून डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया दारूबंदीसाठी पायी निघाल्या आणि नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर येऊन धडकल्या. थंडीचे दिवस, डोक्यावर गाठोडं, काहींच्या कडेवर लेकरं. त्या चालून आल्या म्हणून लगेच दारू बंद झाली का? नाही. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली १ एप्रिल २०१५ ला. चार वर्षांहून जास्त काळ गेला. आणि २०२१ मध्ये ती उठलीही. सिनेमा शेवटाला पोचतो. लाइट लागतात, लोक उठून जातात. गावाचा प्रश्न तसा संपत नाही. जिंकलेलं राखावं लागतं, हरलेलं पुन्हा उचलावं लागतं. लकी सिंग अडीच तासांत बदलतो. आपल्या गावच्या लकी सिंगला पंधरा वर्षंही लागू शकतात. कदाचित तो कधीच बदलणार नाही.

हे मी निराश करायला सांगत नाही. सिनेमासारखं झटपट झालं नाही की आपण समजतो, आपलंच चुकलं, आपण कमी पडलो. तसं नसतं, एवढंच सांगायचं आहे. चिमूरच्या बाया कमी पडल्या नव्हत्या.

सिनेमातलं खरं

पाखडल्यावर सुपात धान्यही राहतं. तेही बघू.

एक मुलगी रेडिओवर फोन करते. ती हॉटेलात बसलेली असते आणि समोर लग्नासाठी बघायला आलेला मुलगा असतो. एका भेटीत हा कसा आहे ते कसं ओळखू, असं ती विचारते. तिला उत्तर मिळतं, तो वेटरला कसा बोलावतो ते बघ. आपल्यापेक्षा लहान समजल्या जाणाऱ्या माणसाशी जो नीट वागतो, तो चांगला माणूस. पोरींच्या आयांनो, हे गाठीला बांधून ठेवा. बघायच्या कार्यक्रमात पोहे आणणाऱ्या मुलीला आपण पन्नास प्रश्न विचारतो. मुलगा पाणी देणाऱ्या लेकराशी, गाडीच्या ड्रायव्हरशी, स्वतःच्या आईशी कसा बोलतो, तेवढं एकदा बघा.

दुसरं मंगळाचं. लकी सिंगच्या मुलीला मंगळ आहे, म्हणून बाप तिच्या जन्माची वेळ खोटी सांगतो. ज्योतिषावर श्रद्धा असलेल्या सासऱ्याला हे कळलं तर लग्न मोडेल, ही भीती असते. सिनेमा त्या मुलीला आणि तिच्या सासरच्यांना खऱ्याला सामोरं जायला लावतो. यात काहीच कल्पना नाही. आपल्या किती पोरींचं वय या मंगळात वाढतं!

तिसरं रेडिओचं. जान्हवीसारखी एक बाई माइकसमोर बसते, लोक आपली दुःखं सांगतात आणि दुसरे लोक ती ऐकतात. सिनेमा आला त्या वेळी खेड्यातल्या बायांना असं स्वतःचं रेडिओ केंद्र मिळण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने नवं धोरण आणलं आणि सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची वाट मोकळी झाली. सिनेमानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. आज मी तुमच्याशी बोलते आहे ते त्यामुळे. पडद्यावरची निदान एक गोष्ट तरी आपल्या गावात खरी झाली!

आता काकूंचा प्रश्न

रोज मार खाणारी बाई म्हणजे गांधी का?

नाही. काकू, अजिबात नाही. आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही, गांधीजींनीच सांगून ठेवलं आहे.

दुसरा गाल पुढे करणं म्हणजे गप्प बसून मार खाणं नव्हे. सत्याग्रही माणूस मार खातो, तो स्वतः निवडून खातो. दहाजणांना सांगून जातो, कशासाठी जातो ते माहीत असतं, आणि त्याच्या मागे माणसं उभी असतात. घरात दार लावून मार खाणाऱ्या बाईने काय निवडलेलं असतं? ती भीतीने गप्प असते, लेकरांसाठी गप्प असते, माहेर नाही म्हणून गप्प असते. गांधीजींना भीतीने गप्प बसणं मान्य नव्हतं. भ्याडपणा आणि हिंसा यांतलं एकच निवडायची वेळ आली तर हिंसा निवडा, असं त्यांनी १९२० मध्ये लिहिलं होतं. आणि १९४२ च्या मार्चमध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी बायांबद्दल स्पष्टच लिहिलं. बाईवर हल्ला होतो तेव्हा तिने हिंसा की अहिंसा याचा विचार करत बसायचं नाही, सुचेल त्या उपायाने स्वतःला वाचवायचं, देवाने नखं आणि दात दिलेत ते वापरायचे, असं त्यांचं सांगणं होतं.

मुन्नाच्या बापूंनी हे त्याला सांगितलं नाही. कसं सांगणार? मुन्नाने ते वाचलंच नव्हतं!

आणखी एक गोष्ट मुन्नाच्या बापूंमध्ये नाही. तिथे कस्तुरबा नाहीत. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे की तरुणपणी ते बायकोवर फार हुकूम चालवायचे. दक्षिण आफ्रिकेत असताना घरी राहणाऱ्या कारकुनाचं लघवीचं भांडं साफ करण्यावरून दोघांचं बिनसलं. कस्तुरबा रडत रडत काम करत होत्या. पण नुसतं काम नको, ते हसून कर, असा नवऱ्याचा हट्ट. शब्दाला शब्द वाढला आणि गांधीजींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकाबाहेर काढायला ओढत नेलं. तेव्हा कस्तुरबांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. जराही लाज नाही का, परक्या मुलखात मी कुठे जाऊ, फाटक लावा, लोक बघतील. गांधीजी शरमले. पुढे त्यांनीच सांगितलं की अहिंसेचा धडा मी बायकोकडून शिकलो.

म्हणजे बघा. त्या घरातली सत्याग्रही कस्तुरबा होती. तिने हात उचलला नाही, पण ती गप्पही बसली नाही. आणि समोर लाज वाटणारा माणूस होता, म्हणून ते शब्द पुरे पडले. ज्याला लाज आहे त्याच्याशी शब्दाने, फुलाने, उपवासाने बोलता येतं. ज्याला लाज उरलेली नाही त्याच्यासाठी कायदा आहे.

तो कायदाही त्याच पावसाळ्यानंतरचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नुसतं मारणंच नाही, तर शिव्या, उपाशी ठेवणं, पैसे काढून घेणं, घराबाहेर काढायची धमकी, हे सगळं त्यात येतं. नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क बाईला त्यात आहे. मारणाऱ्याला लांब ठेवायचा आदेश कोर्टाकडून मिळतो. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. जिवावर बेतलं तर ११२.

बैठकीत बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत हा सिनेमा पाहा, नाहीतर नुसती गोष्ट सांगा आणि या चार प्रश्नांवर बोला.

१. आपल्या गावात असं कोण आहे ज्याला फुलाने, शब्दाने लाज वाटेल? आणि असं कोण आहे ज्याला वाटणार नाही?

२. आपलं कोणतं काम एकटीने गेल्यामुळे अडून पडलं आहे? पाचजणी कधी जायच्या? दिवस ठरवा.

३. आपल्या घरात आपण कुणाला कमी समजून बोलतो? सुनेला, मोलकरणीला, सालगड्याला? माफी मागायची तर कुणाची?

४. भिंतीपलीकडून मारण्याचा आवाज आला तर आपण काय करायचं? दार वाजवायचं का? कुणी वाजवायचं? हे आधीच ठरवून ठेवा. त्या वेळी सुचत नाही.

त्या गावात मी पुन्हा गेले तेव्हा हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग फूल कोणाले द्याचं?” शेजारची सूनवयाची पोर चटकन म्हणाली, “ज्याले लाज हाये त्याले, काकू. बाकीच्याले आमी पाचजणी येतो ना.”

काकू हसल्या. त्या रात्री चौथ्या प्रश्नावर बैठक उशिरापर्यंत चालली. कुणाच्या घराचं दार कोण वाजवणार, ते ठरलं.

तुमच्या गावात काय ठरलं ते आम्हाला फोन करून नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.